मुठीत काय आहे?

पालकहो,

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा झाली. सगळे उठून गेले तरी एक वडील मागे थांबले होते. डेअरीला दूध घालून ते तसेच शाळेत आले होते. बाहेर गाडीला रिकाम्या किटल्या लटकत होत्या आणि हातात मुलीची इंग्रजीची वही होती. म्हणाले, "बाई, रोज रात्री मी स्वतः हिचं पाठांतर घेतो. हॅव म्हणजे जवळ असणे, हॅज म्हणजे जवळ असणे, हॅड म्हणजे जवळ होते. धडाधड म्हणून दाखवते. आणि वाक्य लिहायला बसवलं की सगळं मुसळ केरात. हिच्या डोक्यात शिरतच नाही की काय?"

मुलगी सहावीतली. दाराच्या चौकटीला टेकून खाली मान घालून उभी होती.

मी वही उघडली. 'माय फॅमिली' या विषयावर दहा ओळी लिहिलेल्या. तिसरी ओळ होती, "टू मी वन ब्रदर इज." चौथी, "नियर अस टू बफेलोज आर." आणि थोडं खाली, "टू आजी फीवर इज." या तिन्ही ओळींखाली वडिलांनी लाल पेनाने रेघा मारल्या होत्या. इतक्या जोर लावून, की पान उलटल्यावर मागच्या बाजूला त्यांचे वळ बोटाला लागत होते.

मी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या आणि खरं सांगते, मला त्या मुलीचं मनापासून कौतुक वाटलं. त्या दिवशी तिच्या वडिलांना जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगावंसं वाटतंय. कारण अशी वही माझ्याकडे दरवर्षी येते, आणि वही घेऊन येणाऱ्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर तीच काळजी असते.

आधी पोरीने काय केलं ते पाहू. भावासाठी तिने 'टू मी' लिहिलं आणि म्हशींसाठी 'नियर अस'. का? कारण आपण मराठीत "मला एक भाऊ आहे" म्हणतो, पण "आम्हाला दोन म्हशी आहेत" असं म्हणत नाही. "आमच्याकडे दोन म्हशी आहेत" म्हणतो. नातं निराळं आणि मालकी निराळी, हा भेद मराठीने तिला पाळण्यात असल्यापासून शिकवला आहे. तो भेद तिने इंग्रजीत जसाच्या तसा सांभाळून नेला. चूक झाली ती एवढीच, की इंग्रजीला तो भेद नकोच होता. इंग्रजीला तिथे एकच शब्द पुरे असतो, 'हॅव'.

जरा स्वतःशीच बोलून बघा. मला बहीण आहे. माझ्याकडे सायकल आहे. माझ्याजवळ सुट्टे पैसे नाहीत. तिच्या अंगात कला आहे. गाईला शिंगं आहेत. आमच्या घराला चार खिडक्या आहेत. बाळाला ताप आहे. त्याच्यात तेवढी धमक नाही. सायकल घरी दाराशी उभी असली तरी ती 'माझ्याकडे' असते. पण 'माझ्याजवळ' म्हटलं की पैसे आत्ता, या क्षणी खिशात असावे लागतात. किती बारीक वेलबुट्टी आहे ही! आणि ही सगळी वाक्यं इंग्रजीत नेली की प्रत्येक ठिकाणी 'हॅव' नाही तर 'हॅज' येऊन बसतं.

मराठीत 'हॅव'साठी असं एकच क्रियापद नाही. यात मराठीचं काही उणं नाही. हिंदीत 'मेरे पास है' म्हणतात, तमिळ-कन्नडमध्ये आपल्यासारखं 'मला आहे' म्हणतात, संस्कृतात 'मम अस्ति' म्हणजे 'माझं आहे' एवढ्यावर भागतं. रशियन माणूसही "माझ्यापाशी पुस्तक आहे" अशाच वळणाने बोलतो आणि इंग्लंडच्या शेजारच्या आयर्लंडची मूळ भाषासुद्धा तसंच म्हणते. म्हणजे आपली सहावीतली मुलगी जगातल्या कितीतरी भाषांच्या वळणाने विचार करत होती. तिच्या डोक्यात भाषा पुरेपूर शिरली होती. आपणच तिला 'जवळ असणे' असा एक अपुरा अर्थ देऊन मोकळे झालो होतो.

आता 'हॅव' आणि 'हॅज'चा घोळ. "शी हॅव टू ब्रदर्स" असं मुलं हमखास लिहितात. आपण वैतागतो, "अरे, शी आलं की हॅज, किती वेळा सांगायचं!" पण मराठीत काय होतं ते बघा. "तिला एक भाऊ आहे", "तिला दोन भाऊ आहेत". ती तीच, एकटीच. भाऊ वाढले म्हणून क्रियापद बदललं. मराठीत क्रियापद ऐकतं ते भावांचं, इंग्रजीत ऐकतं ते बहिणीचं. दोन भावांकडे बघून मूल अनेकवचन वापरायला जातं, त्यामागे बरेचदा हे मराठीचं वळण असतं. हे एकदा मुलासमोर मांडा. "इंग्रजीत वस्तू किती आहेत ते बघायचं नाही, मालक कोण आहे ते बघायचं," एवढं एक वाक्य शंभर वेळा 'हॅव-हॅज' लिहून घेण्यापेक्षा जास्त काम करतं. माझ्या वर्गात मी हे वर्षानुवर्षं अनुभवते आहे.

या शब्दाचं मूळही तुम्हाला सांगते, कारण ते कळलं की त्याचे पुढचे सगळे अर्थ एका धाग्यात ओवता येतात. जुन्या इंग्रजीत 'हॅव'चं रूप 'हाब्बान' असं होतं. जर्मनमधलं 'हाबेन' हे त्याचंच सख्खं भावंड. दोन्हींच्या मुळाशी अर्थ आहे पकडणे, हाताने धरणे. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून जो शब्द झाला, त्याच्यापासून इंग्रजीत पुढे 'कॅप्चर' आला. कॅप्चर म्हणजे पकडणं. तेव्हा 'हॅव' म्हणजे मुळात मूठ. जे मुठीत धरलं, ते माझं झालं.

ही मूठ मग हळूहळू पसरत गेली. आधी मुठीतली वस्तू आली, मग दूरची मालमत्ता आली, मग नातीगोती आली, मग ताप, सर्दी, शंका, कल्पना अशा हातात न मावणाऱ्या गोष्टीही आल्या. चहा, जेवण, आंघोळ, मजा हीसुद्धा इंग्रज माणूस 'हॅव'च करतो. आपण चहा घेतो, जेवण जेवतो, आंघोळ करतो, मजा येते. प्रत्येक ठिकाणी आपलं क्रियापद वेगळं. इंग्रजीत मात्र हॅव टी, हॅव लंच, हॅव अ बाथ, हॅव फन. मुलाला 'जवळ असणे' एवढंच पाठ असेल, तर "वुई हॅड टी" या वाक्याचा अर्थ ते "आमच्याजवळ चहा होता" असाच लावणार. त्याचा काय दोष?

आपल्याकडे मोठी माणसंही जी चूक करतात, ती इथेच जाता जाता बघू. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." मुलाखतींमध्ये, ओळख करून देताना हे वाक्य किती वेळा ऐकू येतं! मुलाला इथे इंग्रजी व्याकरणाचा नियम सांगायची गरजच नाही, त्याला मराठीतच विचारा. "मला दोन भाऊ असत आहेत" असं तू म्हणशील का? ते खुदकन हसेल. मग विचारा, "आम्ही जेवतोय" म्हणशील का? हो, म्हणेन. झालं तर मग. जिथे मराठीत काहीतरी 'चाललंय' असं म्हणता येतं, तिथे 'वुई आर हॅविंग लंच' चालतं. जिथे नुसतं 'आहे' असतं, तिथे साधं 'आय हॅव'. नियम मुलाच्या आत आधीच बसलेला आहे. आपण फक्त त्याच्यावर बोट ठेवायचं.

यानंतर या मुठीने जे केलं ते मला फार सुंदर वाटतं. जुन्या इंग्रजीत "पत्र लिहिलेलं असं माझ्या हाती आहे" अशा अर्थाची रचना होती. म्हणजे लिहून पुरं झालेलं पत्र मुठीत आहे. बोलता बोलता शब्दांची जागा सरकली आणि त्यातून "आय हॅव रिटन द लेटर" तयार झालं. म्हणजे मी पत्र लिहिलंय. आता गंमत बघा, आपलं 'लिहिलंय' म्हणजे काय? लिहिलं आहे. आपणही झालेल्या कामाच्या मागे 'आहे' जोडतो. इंग्रजांनी तिथे 'हॅव' जोडलं, आपण 'असणे' जोडलं. वस्तू वेगळी, खुंटी तीच.

हॉस्टेलवरच्या मुलाला आई रात्री फोनवर विचारते, "जेवलास का रे?" तो म्हणतो, "जेवलोय." नुसतं 'जेवलो' आणि 'जेवलोय' यात जो फरक आहे, तो आईला न सांगता कळतो. जेवलोय, म्हणजे पोट भरलेलं आहे, आता काळजी करू नकोस. काम मागे झालं पण त्याचा परिणाम आत्ता हजर आहे. "आय हॅव ईटन" मध्ये नेमकं तेच आहे. व्याकरणाच्या पुस्तकात याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि मुलं त्या नावालाच घाबरतात. त्यांना 'जेवलोय' आणि 'हॅव ईटन' शेजारी शेजारी ठेवून दाखवा, निम्मी भीती तिथेच जाते. फक्त एका ठिकाणी वाटा फुटतात, तेवढं सांगून ठेवा. "मी तो सिनेमा काल पाहिलाय" असं मराठीत खुशाल चालतं. इंग्रजीत मात्र 'काल', 'परवा', 'गेल्या वर्षी' असा संपलेला काळ सांगितला की 'हॅव' मागे हटतं आणि साधा भूतकाळ येतो.

उरलेल्या दोन वापरांना थोडक्यात हात लावते. "मी केस कापले" असं आपण सलूनमधून आल्यावर सहज म्हणतो. "आय कट माय हेअर" म्हटलं तर मात्र इंग्रज माणसाला वाटेल, हा आरशासमोर स्वतःच कात्री घेऊन बसला. दुसऱ्याकडून काम करून घेतलं की तिथे "आय हॅड माय हेअर कट" म्हणतात. दुसरा वापर 'हॅव टू'चा. "आय हॅव टू गो" म्हणजे मला जावं लागतंय. बोलताना त्याचा उच्चार 'हॅफ्टू' होतो, म्हणून मुलांना तो ऐकूनही ओळखू येत नाही. हेही ऐकण्याने सुटतं, लिहून लिहून सुटत नाही.

'जावं लागतंय' हा शब्द आलाच आहे, तर आता मुख्य मुद्द्याकडे येते. पालकहो, 'लागणे' या आपल्या क्रियापदाचा अर्थ सांगा पाहू.

थांबा, घाई करू नका. सकाळी उठल्यापासून आठवा. झोप उशिरा लागली म्हणून जाग उशिरा आली. पोराला भूक लागली. दूध उतू जाऊन खाली लागलं. लवकर आवर म्हटलं तर ते रडायला लागलं. पळताना ठेच लागली, गुडघ्याला लागलं. एसटी फलाटाला लागली. आजीला एसटी लागते म्हणून तिला खिडकीजवळ बसवलं. शाळेत जायला अर्धा तास लागतो. वहीला पन्नास रुपये लागले. मोठीचा निकाल लागला. धाकट्याला मोबाइलचं वेड लागलंय. शेजारच्या दादाला नोकरी लागली. तो आपला मामा लागतो. सांजवेळी दिवे लागले. भाजी गोड लागली. कुणाची दृष्ट लागू नये.

याचा एक अर्थ काय? सांगता येतो का? १८३१ साली पहिल्यांदा निघालेला आणि १८५७ साली दुसऱ्या आवृत्तीत वाढलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कुठे वाचनालयात मिळाला तर 'लागणे' काढून बघा. परक्या देशातून आलेल्या त्या माणसाला या एका शब्दाचा माग काढायला किती मेहनत पडली असेल, ते तिथे दिसतं. आणि तुमचं चार वर्षांचं लेकरू? ते "आई, मला बस लागते" आणि "आई, बस लागली" यात कधी तरी घोटाळा करतं का?

कुणी शिकवलं त्याला? तुम्हीच शिकवलंत. पण तुम्ही 'लागणे म्हणजे अमुक' असं एकदाही म्हटलं नाहीत. भूक लागली तेव्हा 'भूक लागली का?' विचारलंत, आणि ताट समोर आलं. ठेच लागली तेव्हा 'लागलं का रे?' म्हणून फुंकर घातलीत. शब्द एकटा कधीच आला नाही. तो वाक्यात बसून आला, प्रसंगाचं बोट धरून आला, हजारदा आला. म्हणून तो मुरला.

'हॅव'सुद्धा अगदी याच जातीचा शब्द आहे. इंग्रजीतल्या सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांमध्ये 'बी', 'हॅव' आणि 'डू' ही तीन अगदी पुढे आहेत. रोजच्या वापरातला शब्द जितका घासला जातो तितके त्याला अर्थ फुटतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी 'रन' या एका क्रियापदाची नव्याने मांडणी केली, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ भरले. ते ६४५ अर्थ इंग्लंडमधलं एकही मूल पाठ करत नाही. आणि त्या मुलांच्याही चुका होतात बरं का. 'कुड हॅव' हे बोलताना 'कुड अव्ह' असं ऐकू येतं, म्हणून इंग्रजी मायबोली असलेली मुलंही ते 'कुड ऑफ' असं लिहून मोकळी होतात. कान आधी शिकतो आणि हात मागून, हे सगळीकडे सारखंच आहे.

आपल्या पिढीची अडचण मला कळते. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी आपल्यापैकी कितीतरी जणांनी पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवली. आपल्या आधीच्या पिढीने तर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. आपल्याला इंग्रजी ऐकायलाच मिळत नव्हतं, मग शब्दार्थ आणि रूपं पाठ करण्यावाचून दुसरं होतं काय? गो-वेंट-गॉन म्हणजे जाणे. ते शिक्षक, ती पुस्तकं यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण आपल्याला जे नाइलाजाने करावं लागलं, तेच मुलांच्या माथी मारायचं का? त्यांच्या कानावर पडायला आज इंग्रजी गोष्टी आहेत, गाणी आहेत, बातम्या आहेत.

दुसऱ्या टोकाचे पालकही मला भेटतात. ते म्हणतात, "बाई, आम्ही घरी मराठी बंदच केलंय." मग त्या घरात बोलणं कसं होतं? "बेटा, शूज वेअर कर. मिल्क फिनिश कर. डोअर क्लोज कर." मला यात कुणाला दुखवायचं नाही, लेकराचं भलं व्हावं म्हणूनच तुम्ही हे करता. पण एक गोष्ट लक्षात आली आहे का? या बोलण्यात वेअर येतं, फिनिश येतं, क्लोज येतं, ओपन येतं. 'हॅव कर' असं मात्र कुणीच म्हणत नाही. म्हणताच येत नाही. कारण वेअर-फिनिश हे शब्द फळासारखे तोडून आपल्या टोपलीत टाकता येतात. 'हॅव' तोडता येत नाही, तो वाक्याच्या मुळाशी असतो. म्हणजे ज्या शब्दावर इंग्रजीचा डोलारा उभा आहे, तोच या खिचडीतून मुलाला मिळत नाही. आणि 'बूट घाल', 'टोपी घाल', 'कुंकू लाव', 'पदर घे', 'बांगड्या भर' ही मराठीची श्रीमंती जाते ती वेगळीच. मूल दोन्ही घरचं पाहुणं होतं आणि दोन्हीकडे उपाशी राहतं.

मग घरी करायचं तरी काय? फार काही नाही.

घरी मराठी बोला, पण भरघोस बोला. अर्ध्या वाक्यांत, हुकमांत नको. "आण", "ठेव", "गप बस" यात भाषा वाढत नाही. बाजारात काय झालं, म्हशीने दूध का कमी दिलं, ऑफिसात कोणाची बदली झाली, हे मुलाला पुऱ्या वाक्यांत सांगा. 'माझ्याकडे' आणि 'माझ्याजवळ' यातला फरक ज्या मुलाच्या अंगात मुरला आहे, त्याला इंग्रजीतल्या 'हॅव'चा सूर पकडायला वेळ लागत नाही. शब्दांमागचा अर्थ हुंगायची सवय एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेतही कामाला येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. पण धोरण काहीही म्हणो, आईच्या पदराआडची भाषा तुमच्या हातात आहे.

इंग्रजीसाठी दिवसाची पंधरा मिनिटं काढा आणि ती कानासाठी ठेवा. एखादी सोपी इंग्रजी गोष्ट लावा, नाहीतर पुस्तकातला धडा मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर नुसतं शेजारी बसून ऐका. मूल आईवडिलांसमोर वाचतं तेव्हा त्याचा आवाज आपोआप सुधारतो.

"हॅव म्हणजे काय?" असं विचारू नका. "आज हॅव कुठे भेटला?" असं विचारा. एका छोट्या वहीत ते वाक्य उतरवून ठेवू दे. पुस्तकातलं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, जाहिरातीतलं, क्रिकेटच्या समालोचनातलं. शब्दाचा अर्थ लिहायचा नाही, पुरं वाक्य लिहायचं. महिन्याभरात तीस वाक्यं जमली की मूल आपणहून त्यांचे गट पाडायला लागतं. हे मालकीचं, हे खाण्यापिण्याचं, हे 'करावं लागतं'चं.

आणि चूक झाली की लाल रेघ मारू नका. मूल म्हणालं, "शी हॅव अ डॉल," तर तुम्ही सहज म्हणा, "हो का? शी हॅज अ डॉल? कुठून आणली?" बस्स. बरोबर वाक्य कानावर पडलं आणि बोलणंही थांबलं नाही. तुमचं लेकरू लहानपणी 'मी पाणी पिला' म्हणायचं, तेव्हा तुम्ही त्याला वहीत दहा वेळा लिहायला लावलं होतं का? 'प्यायलास का, शहाणा माझा' म्हणून पापा घेतला होतात. तोच पापा इंग्रजीलाही द्या.

त्या दिवशी मी त्या वडिलांना एक खेळ सांगितला. वर्गात मी तो नेहमी घेते. मुठीत काहीतरी लपवायचं, चिंचोका, खडू, बोर, शेंगदाणा. समोरच्याने विचारायचं, "व्हॉट डू यू हॅव?" मूठ उघडायची आणि सांगायचं, "आय हॅव अ पीनट." मग तिसऱ्याला विचारायचं, "व्हॉट डझ शी हॅव?" उत्तर, "शी हॅज अ पीनट." वस्तू दुसऱ्याच्या मुठीत गेली की तीच आता 'होती', "शी हॅड अ पीनट." पाच मिनिटांचा खेळ. वही नको, पेन नको. वडील जरा अविश्वासानेच हसले आणि गेले.

पुढची पालकसभा संक्रांतीनंतर झाली. या वेळी त्यांच्याबरोबर मुलीची आजीही आली होती, नऊवारीतली, हातात तिळगुळाची पुडी. आजी शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती. मुलीने सांगितलं की रात्री जेवणं झाली की घरात मुठीचा खेळ चालतो, आणि आजी सगळ्यांत आधी येऊन बसते. सुरुवातीला आजी नुसती बघायची. मग एक दिवस तिनेच मूठ पुढे केली.

आजीने माझ्यासमोर मूठ धरली. बोटं संधिवाताने वाकलेली. नातीकडे बघून म्हणाली, "इच्यार तुझ्या बाईंना."

मुलीने मला विचारलं, "बाई, व्हॉट डझ माय आजी हॅव?"

एकही शब्द चुकला नव्हता. विचारताना ती चौकटीला टेकलेली नव्हती आणि मानही खाली नव्हती. वडील बाजूला उभे होते. या वेळी त्यांच्या हातात वही नव्हती.

आजीने मूठ उघडली. तिळाचा लाडू होता. तो माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "आता तुमच्याकडं हाय."

पालकहो, त्या मुलीला 'हॅव' कळला तो तिच्या स्वतःच्या घरातून, आजीच्या मुठीतून. वडील रोज रात्री द्यायचे तो वेळ त्यांनी तसाच दिला होता, फक्त आता त्यात धाक नव्हता. तुमच्याही घरात एखादी आजी असेल, एखादी मूठ असेल, रात्रीची पाच मिनिटं असतील. तेवढी मुलांना द्या. शब्द आपल्या पायांनी येतील.